एल्कसाठीं गोळी किती वजनाची?

बंदुकीची गोळी किती वजनाची घ्यावी, हा प्रश्न वरवर पाहतां केवळ शिकाऱ्याच्या सोयीचा वाटतो. परंतु ज्या जनावरावर ती सुटावयाची असते, त्याच्या दृष्टीनें तो तात्काळ मरण कीं दीर्घ तडफड, असा प्रश्न असतो. अमेरिकेच्या रॉकी पर्वतांत एल्क नांवाच्या हरणाची शिकार दर शरद ऋतूंत, कायद्यानें आखून दिलेल्या मुदतींत होते. आणि तेथील शिकाऱ्यांच्या शेकोटीभोंवतीं ह्या एका प्रश्नावर पिढ्यान्‌पिढ्या वाद चालत आला आहे.

एल्क हा काश्मीरच्या हंगुलाचा जवळचा आप्त. शॉनी लोकांनीं त्याला ‘वापिटी’, म्हणजे पांढऱ्या पुठ्ठ्याचा, असें नांव दिलें. पूर्ण वाढलेल्या नराचें वजन सुमारें ७०० पौंड, तर मादीचें सुमारें ५०० पौंड भरतें. खांद्याचें हाड भक्कम आणि त्यावर स्नायूंचा दाट थर. हें सर्व भेदून हृदय व फुप्फुसें यांच्यापर्यंत पोहोंचणें, हेंच गोळीचें खरें काम होय.

गोळीचें वजन ग्रेनमध्यें मोजतात. ७००० ग्रेनचा एक पौंड होतो. १८० ग्रेन म्हणजे सोनाराचा बरोबर एक तोळा. चांदीच्या जुन्या रुपयाचेंहि वजन तेवढेंच असे. एवढ्याशा तोळाभर धातूनें आठ मण वजनाचें जनावर जागच्या जागीं पाडावयाचें, तर त्या तोळ्याचा विचार नीट केला पाहिजे.

उदाहरणार्थ, १९०६ सालीं अमेरिकन सैन्यासाठीं निघालेलें ‘थर्टी-ऑट-सिक्स’ हें काडतूस घ्यावें. त्यांत १५० ग्रेनची गोळी घातली तर ती सेकंदास सुमारें २९०० फूट वेगानें सुटते. १८० ग्रेनची सुमारें २७०० फूट वेगानें. नळीच्या तोंडाशीं दोहोंची शक्ति जवळजवळ सारखीच. मग भेद कोठें? दोहोंची जाडी एकच असल्यामुळें जड गोळी लांब असते. तेवढ्याच छिद्रामागें अधिक वजनाचा रेटा असतो, म्हणून ती खोल जाते. हलकी गोळी सरळ रेषेंत दूरवर धांवते खरी, परंतु जवळच्या अंतरावर हाडाला लागली तर वेगाच्या भरांत फुटून वरच्यावर विखुरण्याचा धोका असतो. उलट २२० ग्रेनची गोळी मंद चालते, दूर अंतरावर अधिक खालीं येते आणि बंदुकीचा धक्काहि जबर देते. धक्क्याच्या भयानें चाप ओढतांना शिकारी दचकला, तर सारें शास्त्र व्यर्थ! म्हणून ह्या बंदुकीपुरतें १६५ ते १८० ग्रेन हें वजन बहुतेकांनीं मान्य केलें आहे.

ह्या वादांत दोन लेखक विशेष गाजले. ॲरिझोना विद्यापीठांत वृत्तपत्रविद्या शिकवीत असलेले जॅक ओकॉनर १९२५ सालीं निघालेल्या .२७० काडतुसाचे व त्याच्या १३० ग्रेन गोळीचे पुरस्कर्ते. तर आयडाहोचे पशुपालक व वाटाडे एल्मर कीथ यांचा ओढा मोठ्या, जड गोळीकडे. जनावर आडवें उभें असून नेम अचूक असेल, तर ओकॉनर यांचें म्हणणें खरें ठरतें. तें तिरपें उभें असून मध्यें हाड आलें, तर कीथ यांचें.

परंतु नुसतें वजन पुरें पडत नाहीं. १९४६ सालीं जॉन नॉस्लर कॅनडांत मूस ह्या एल्कहूनहि प्रचंड हरणाच्या शिकारीस गेले असतां, चिखलानें माखलेल्या कातडीवर त्यांची गोळी निकामी ठरली. त्यांतून मध्यें पडदा असलेली गोळी जन्मास आली: पुढचा भाग उमलतो, मागचा अभंग राहून आंत शिरतो. पुढें तांब्याच्या गोळ्या आल्या. शिकारी जनावराचा कोथळा रानांतच टाकतात आणि त्यांतील शिशाचे कण खाऊन गरुड व कॉन्डर गिधाडें विषबाधेनें मरतात. म्हणून कॅलिफोर्नियानें १ जुलै २०१९ पासून शिकारींत शिशाच्या गोळ्यांस पूर्ण बंदी केली. तांबें शिशाहून हलकें, पण तांब्याची गोळी सहसा फुटत नाहीं; त्यामुळें १८० च्या जागीं १५० किंवा १६५ ग्रेन पुरतात.

कोलोरॅडोच्या कायद्यानें एल्कसाठीं किमान ८५ ग्रेनची गोळी व १०० यार्डांवर १००० फूट-पौंड शक्ति ठरविली आहे. ही मर्यादा खालची होय. तिच्यावर विसंबणें शहाणपणाचें नव्हे.

भारतांत १९७२ च्या वन्यजीव कायद्यापासून शिकारीचे दिवस संपत गेले, तें योग्यच झालें. परंतु जेथें ती विहित आहे, तेथें तिचा पहिला नियम एकच: जखमी जनावर रानांत सोडून येऊं नये. आपल्या हाताला पेलेल इतकीच जड गोळी, ती आंत शिरेल इतकेंच अंतर, आणि नेमाची खात्री नसेल तर चापावरून बोट काढून घेणें. चांगल्या शिकाऱ्याची ओळख ह्या तीन गोष्टींवरून पटते.