गोठ्यातली मोटार



ऑक्सफर्ड म्हटले की आम्हां मास्तर मंडळींना इंग्लंडातले विद्यापीठ आठवते. पण आपल्या वर्धा जिल्ह्यातही एक ऑक्सफर्ड होती, आणि ती कुटारावर चालत असे! गांधीजी १९३६ च्या एप्रिलअखेर शेगावास राहावयास गेले. हेच शेगाव पुढे १९४० साली सेवाग्राम झाले. वर्ध्यापासून ते सात-आठ किलोमीटर. त्या काळात जमनालाल बजाज यांच्याकडील एका जुन्या फोर्ड मोटारीला बैल जुंपण्यात येत. इंजिनाचे काम बैलांकडे, बसणारे मात्र मोटारीत. बैलाला इंग्रजीत ऑक्स म्हणतात आणि गाडी फोर्डची, तेव्हा मंडळींनी थट्टेने तिचे नाव ठेवले 'ऑक्सफर्ड'.

आता अशी कल्पना करा, की ही गाडी एखाद्या गोठ्यात पन्नास वर्षे पडून राहिली आणि आज सापडली. एक हौशी गृहस्थ पुण्या-मुंबईहून आले आणि म्हणाले, "हिच्यात तशाच जातीचे इंजिन बसवतो, रंग देतो, कारखान्यातून निघाली तेव्हा होती तशी करून टाकतो." हेतू चांगला, खर्चही तेच करणार. पण शेवटी हाती काय येईल? एक फोर्ड येईल. फोर्ड कंपनीने टी मॉडेलच्या गाड्या १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटी केल्या, त्यानंतरच्या ए मॉडेलच्याही पन्नास लाखांच्या आसपास. ऑक्सफर्ड मात्र नाहीशी होईल. दुरुस्तीच्या नावाखाली तिची जी गोष्ट सांगण्यासारखी, तीच आपण पुसून टाकू.

जुनी मोटार सापडली म्हणजे प्रश्न असा पडतो: तिला तिच्या आयुष्यातल्या कोणत्या दिवसाकडे परत न्यायचे? जन्मदिवसाकडेच नेले पाहिजे असे कोणी सांगितले?

अमेरिकेत एक प्रकार आहे, त्याला 'हॉट रॉड' म्हणतात. नाव परके असले तरी गोष्ट आपल्या विदर्भाला परकी वाटू नये. शंकरपट पाहिला आहे ना तुम्ही? पटाचा छकडा आणि शेतात जाणारी बंडी यांत जो फरक, तोच हॉट रॉड आणि साध्या मोटारीत. पटाच्या छकड्यावर अनावश्यक लाकडाची एक ढलपी ठेवत नाहीत. कॅलिफोर्नियातल्या तरुणांनी १९३०च्या सुमारास हेच केले. जुनी स्वस्तातली फोर्ड घ्यायची, मडगार्ड काढायचे, टप काढायचे, दिवेसुद्धा उतरवायचे, इंजिनाला जास्त दम द्यायचा, आणि कोरड्या पडलेल्या सरोवरांच्या सपाट तळावर शर्यती लावायच्या. १९३२ साली फोर्डने आठ सिलिंडरचे स्वस्त इंजिन काढले, तेव्हा तर या पोरांच्या हाती कोलीतच आले. पुढे १९४८च्या जानेवारीत 'हॉट रॉड' नावाचे मासिकच सुरू झाले.

जुन्या मोटारींचे प्रतिष्ठित शौकीन या गाड्यांकडे बरीच वर्षे नाक मुरडून पाहत. मूळ वस्तूची मोडतोड केली म्हणून. पण १९९७ साली कॅलिफोर्नियातल्या पेबल बीच येथील मोठ्या मानाच्या प्रदर्शनात हॉट रॉडांसाठी स्वतंत्र वर्ग ठेवावा लागला. आता असा एखादा जुना हॉट रॉड कोठाराच्या कोपऱ्यात सापडला, तर जाणकार त्याला पुन्हा साधी फोर्ड करीत नाहीत. त्या पोरांनी जशी कापली-जोडली तशीच जपतात. ती कापाकापी हाच त्या गाडीचा इतिहास ठरला.

तिकडे इंजिनाचा दम वाढवला, इकडे इंजिनाला सुट्टी दिली. आणि बरं का, इंजिनाला सुट्टी देणारे आपण एकटेच नव्हतो. १९३०नंतरच्या मंदीत कॅनडातल्या शेतकऱ्यांच्या गव्हाला भाव राहिला नाही, पेट्रोल परवडेना. त्यांनी आपल्या मोटारींना घोडे जुंपले. तेव्हाचे पंतप्रधान बेनेट, म्हणून त्या गाडीला लोक रागाने 'बेनेट बग्गी' म्हणत. गंमत अशी, की त्या काळी हिंदुस्थानात फोर्डचा व्यापार कॅनडातल्या फोर्ड कंपनीकडे होता. म्हणजे तिथल्या शेतकऱ्याची घोड्यांची फोर्ड आणि आपल्याकडच्या रस्त्यांवरच्या फोर्ड, ही एकाच घराण्यातली भावंडे. बेनेट बग्ग्या तिकडे संग्रहालयांत जपल्या आहेत, घोडे जुंपण्याच्या दांड्यांसकट. त्या दांड्या काढून टाकाव्यात असे तिथे कोणाला वाटले नाही.

आता आपल्या कारंजा घाडगे तालुक्यात येऊ. नागपूर-अमरावती रस्ता आपल्या दारावरून गेलेला, त्यामुळे मोटार इकडे लवकर आली आणि वापरलीही गेली सडकून. शिवाय हा संत्र्यांचा मुलूख. एका गावी एका शेतकरी कुटुंबाने मला बोलावले. गोठा पाडून नवा बांधायचा होता. कुटाराचा ढीग हलवला तर मागे मोटार! घरातल्या लहानांनी ती कधी पाहिलीच नव्हती. कोंबड्यांना मात्र पुरती माहीत होती. बसायच्या जागी त्यांची अंडी होती.

गाडी ए मॉडेलची फोर्ड, म्हणजे १९२८ ते १९३१ या काळातली. पण अर्धीच! समोरचा भाग मोटारीचा, आणि ड्रायव्हरच्या पाठीमागे सारे कापून सागवानी फळ्यांचे तळ ठोकलेले. घरच्या आजींच्या सासऱ्यांनी युद्ध संपल्यावर गावच्या सुताराकडून आणि लोहाराकडून हे काम करवून घेतले होते. त्या फळ्यांवर संत्री भरून नागपूरच्या बाजारात जात.

घरात तीन मते. थोरले म्हणाले, भंगारात द्या, गोठ्याची दोन पत्रे तरी येतील. धाकट्यांकडे एक गिऱ्हाईक येऊन गेले होते. तो चांगली रक्कम द्यायला तयार होता, फक्त मागच्या फळ्या त्याला नको होत्या. तो तिथे मूळ घाटाची पाठ बसवणार. आणि आय. टी. आय.मध्ये शिकणारा नातू म्हणत होता, "सर, हिच्यात डिझेल इंजिन टाकतो, रुंद चाकं लावतो, मग पाहा!" म्हणजे हॉट रॉडच की, नाव माहीत नसताना. मला त्या पोराचे कौतुक वाटले. खरे सांगायचे तर सगळ्यांत जास्त प्रेम त्याचेच होते. धोकाही त्याचाच जास्त होता.

कारण तो पहिल्याच दिवशी वेल्डिंगची टाकी घेऊन उभा राहणार होता. ए मॉडेलच्या फोर्डची पेट्रोलची टाकी मागे नसते. ती काचेच्या खाली, ड्रायव्हरच्या गुडघ्यांच्या पुढ्यात असते, आणि पेट्रोल वरून खाली आपोआप उतरते, पंप नाही. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीत जुन्या पेट्रोलची वाफ राहते. तिथे ठिणगी पडली तर गाडी वाचवायला गेलेला माणूसच वाचायचा नाही. शिक्षक बंधू-भगिनींनो, मुलांचा उत्साह पाहून आपण हुरळून जातो, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

अशी गाडी सापडली तर पहिले काही दिवस तिला काहीच करू नये. धुऊ नये, ओढून बाहेर काढण्याची घाई करू नये, सुरू करून पाहण्याचा मोह तर टाळावाच. आधी आहे तशी चारी बाजूंनी छायाचित्रे काढावी. बसायच्या जागेखाली, दाराच्या खणात कागद सापडतात: पावत्या, नोंदणीचे पुस्तक, कधी बाजाराची पट्टी. ते उन्हात वाळवू नयेत, सावलीत पसरावेत. इंजिनाच्या डाव्या अंगावर क्रमांक ठोकलेला असतो, तो तारेच्या ब्रशाने खरवडू नये. मऊ फडक्याने तेल लावून वाचावा. मग चाके ठोकळ्यांवर उचलून घ्यावी. जुने पेट्रोल उघड्यावर, विस्तवापासून दूर, काढून टाकावे. प्लग काढून त्या भोकांतून पातळ तेल सोडावे आणि आठवडाभर वाट पाहावी. नंतर हँडलने हळूच, हाताच्या बळाने फिरवून पाहावे. अडले तर पुन्हा तेल, पुन्हा वाट. जोर केला की आतले तुटते, आणि मग भंगारवाल्याचेच बरोबर ठरते. लाकडी भागात वाळवी आणि गाद्यांत उंदीर पाहावा; उंदराच्या आधी सापही पाहावा, हे कारंज्याच्या माणसाला सांगायला नको.

यानंतर कायद्याचा भाग. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे होऊन गेलेली, खाजगी वापराची, मूळ स्वरूपात राखलेली गाडी असेल तर तिला 'व्हीए' अक्षरांचा खास क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीची फी वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे. मात्र ती रोजच्या कामाला किंवा धंद्याला वापरता येत नाही; प्रदर्शन, शर्यतफेरी, दुरुस्ती अशा कारणांनीच रस्त्यावर आणायची. आणि सांगाडा, शरीर किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला असेल तर ती या व्याख्येतच बसत नाही.

नातवाच्या डिझेल इंजिनाचे काय? मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाप्रमाणे कारखान्याने ठरवलेला मूळ तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केले आहे. तेव्हा ती वाट रस्त्यावर जातच नव्हती.

पण मला खुपते ते दुसरेच. नियम मूळ स्वरूपाचा मान राखतो, हे योग्य आहे. नाहीतर कोणीही कशालाही व्हिंटेज म्हणेल. तरी त्यामुळे मालकाला वाटू लागते की फळ्या हा कलंक आहे, काढून टाकल्याशिवाय गाडीला किंमत नाही. वास्तविक कारखान्याने घडवलेली अर्धी मोटार जगात पुष्कळ ठिकाणी मिळेल. आपल्या गावच्या सुताराने, कोणताही नकाशा न पाहता, त्या सांगाड्यावर बेतलेली अर्धी मोटार फक्त याच गोठ्यात आहे. फळ्यांना त्याने खिळे कमी आणि खुंट्या जास्त वापरल्या होत्या, बंडीच्या तळाला वापरतात तशा. संत्र्याला दणका बसू नये म्हणून कडेच्या पट्ट्या आतून गोल घासलेल्या. असा विचार कोणत्याही कारखान्याच्या पुस्तकात लिहिलेला नसतो. आणि रस्त्यावर न्यायचीच नसेल, गोठ्यात किंवा शाळेच्या आवारात उभी ठेवायची असेल, तर त्या खास क्रमांकावाचून अडते कुठे?

हे मी बराच वेळ समजावून सांगत होतो. धाकटे बंधू रकमेचा हिशेब सांगत होते, आणि त्यांचेही चूक नव्हते. संत्र्याचा बहार गळाला होता, घरात पैशाची निकड होती. निकड असलेल्या माणसाला इतिहास सांगणे सोपे नसते. तेवढ्यात आजी ओसरीवरून म्हणाल्या, "फळ्या काढून टाकल्या त मी आली कायच्यावर?"

ऐंशीच्या पुढच्या या आजी लग्न होऊन या घरी आल्या त्या याच गाडीत, मागे फळ्यांवर बसून. समोर पुरुष मंडळी बसली होती. हे घरात कोणालाही ठाऊक नव्हते, कारण कोणी विचारलेच नव्हते. मग आजी तासभर बोलल्या. वाटेत कोंढाळीला पाणी घालायला गाडी थांबे, घाटात मागून दगड लावायला एक पोरगा सोबत ठेवीत, पावसाळ्यात गावाबाहेर गाडी रुतली की घरचे गवळाऊ बैल नेऊन ओढून आणीत. म्हणजे अधूनमधून तीही ऑक्सफर्ड होत होती! शिक्षकांनो, तुमच्या वर्गातल्या सातवी-आठवीच्या मुलांना वही-पेन्सिल देऊन अशा एखाद्या आजींपुढे बसवा. गाडी, रहाट, चरक, काहीही निमित्त चालेल. पण आधी आजी, मग गाडी. आजींना ठोकळ्यांवर उचलून ठेवता येत नाही.

गिऱ्हाइकाला धाकट्यांनी कळवले की गाडी घ्यायची तर फळ्यांसकट घ्या. त्यानंतर तो आलेला नाही. थोरल्यांनी नव्या गोठ्याचे एक दालन दोन हात वाढवले, पत्रे मात्र विकत आणावी लागली, ते अजून अधूनमधून बोलून दाखवतात. नातवाने तेल सोडून सोडून बाविसाव्या दिवशी इंजिन हाताने फिरवले. सुरू केलेले नाही. टाकी उतरवून आतून साफ होईपर्यंत करायचे नाही असे त्याने कबूल केले आहे. फळ्यांपैकी दोन वाळवीने खाल्ल्या होत्या. त्या जागी त्याने नवे सागवान बसवले, पण जुन्या खुंट्यांचा नमुना पाहून, आणि नव्या फळीच्या खालच्या अंगावर साल घातले. कोंबड्यांना शेजारी खुराडे करून दिले आहे. पण त्या अंडी घालायला गाडीतच जातात.