विज्ञानातल्या स्त्रियांच्या पाठीशी

इंडियन विमेन सायंटिस्ट्स असोसिएशन ही संस्था 1973 मध्ये मुंबईत स्थापन झाली. प्रयोगशाळांत आणि महाविद्यालयांत काम करणाऱ्या स्त्रियांनीच ती उभी केली. आज तिचे मुख्यालय नवी मुंबईत वाशीला आहे. विज्ञानप्रसाराची व्याख्याने, ग्रंथालय, शिष्यवृत्त्या हे तिचे काम आहेच. पण तिची खरी दूरदृष्टी दिसते ती नोकरदार स्त्रियांसाठीच्या वसतिगृहात आणि पाळणाघरात. परगावाहून आलेल्या तरुण संशोधिकेला सुरक्षित खोली हवी असते, आणि प्रयोग लांबला तर तान्ह्या मुलाला कोणी सांभाळायचे, हा तिच्यापुढचा रोजचा प्रश्न असतो. संघटनेने हे प्रश्न खासगी मानले नाहीत, विज्ञानाचेच मानले.

त्याआधीच्या पिढीला असा आधार नव्हता. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत, मुंबई विद्यापीठाची पदवी उत्तम गुणांनी घेऊन बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या, तेव्हा संचालक सी. व्ही. रामन यांनी केवळ स्त्री म्हणून त्यांना प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. अखेर 1933 मध्ये एक वर्षाच्या परीक्षाधीन मुदतीवर त्यांना घेण्यात आले. तिथे मार्गदर्शक श्रीनिवासय्या यांनी त्यांना मनापासून शिकवले. पुढे 1939 मध्ये त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली आणि परतल्यावर नीरेच्या पोषणमूल्यावर महत्त्वाचे संशोधन केले. त्यांच्या जिद्दीचे कौतुक होते ते योग्यच. पण अशी जिद्द ही प्रवेशाची अट असणे हा संस्थेचा दोष होता.

हा दोष शोधून मांडण्याचे काम पुण्याच्या रोहिणी गोडबोले यांनी केले. कणभौतिकीतील त्यांचे संशोधन जगभर मान्यता पावलेले. त्या इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या महिला समितीच्या प्रमुख होत्या. राम रामस्वामी यांच्यासह त्यांनी संपादित केलेल्या ‘लीलावतीज् डॉटर्स’ या 2008 च्या पुस्तकात सुमारे शंभर भारतीय वैज्ञानिक स्त्रियांच्या हकिकती आहेत. डॉक्टरेट मिळवूनही विज्ञानाबाहेर राहिलेल्या स्त्रियांची पाहणी 2010 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या लेखकांतही त्या होत्या. संसारामुळे बायका विज्ञान सोडतात, हा समज त्या पाहणीने हलवला. योग्य नोकरीच मिळाली नाही, असे अनेकींचे उत्तर होते. गोडबोले 2024 मध्ये निवर्तल्या.

सरकारी पातळीवर केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने 2002-03 पासून, कामात खंड पडलेल्या स्त्रियांना पुन्हा संशोधनात येता यावे म्हणून योजना सुरू केली. त्याच योजनेच्या एका शाखेत स्त्रियांना पेटंटच्या कामाचे प्रशिक्षण मिळू लागले. शालेय वयातल्या मुलींसाठी ‘विज्ञान ज्योती’ ही योजना आहे. नववी ते बारावीच्या मुलींना ती प्रयोगशाळा आणि स्त्री शास्त्रज्ञांपर्यंत नेते. तंत्रशिक्षणात महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेने 1991 मध्ये पुण्यात मुलींसाठी कमिन्स अभियांत्रिकी महाविद्यालय काढले.

नंदुरबार जिल्ह्यात मात्र मुलींच्या विज्ञानापर्यंत पोचण्याचा प्रश्न आणखी आधी, शाळेपासूनच सुरू होतो. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्याची साक्षरता सुमारे 64 टक्के, म्हणजे राज्यात सर्वांत कमी होती. लोकसंख्येत दोनतृतीयांशांहून अधिक आदिवासी. अक्राणी, अक्कलकुवा या सातपुड्यातल्या तालुक्यांत मुलीने दहावीनंतर विज्ञान घ्यायचे, तर बहुधा पाडा सोडावा लागतो. म्हणून इथे वसतिगृह ही पहिली प्रयोगशाळा ठरते. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांना ‘स्वयम्’ योजनेतून भोजन, निवास आणि शैक्षणिक साहित्याचे पैसे थेट बँकेत मिळतात. शिकून परतणाऱ्या मुलीला जिल्ह्यातही कामाची ठिकाणे आहेत: कोळद्याचे कृषी विज्ञान केंद्र, नंदुरबारचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, शाळा-महाविद्यालयांतली विज्ञानाची अध्यापनपदे. तिथे शिकलेल्या स्त्रिया दिसल्या की गावातल्या पालकांना वेगळे पटवावे लागत नाही.

फीचा अडथळाही आता पूर्वीइतका राहिलेला नाही. आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी राज्य शासन 2024-25 पासून पूर्ण भरते. अनुसूचित जमातीच्या मुलींसाठी आदिवासी विकास विभागाच्या सवलती स्वतंत्र आहेत. मात्र जातीचा व उत्पन्नाचा दाखला हाताशी नसला, तर हा लाभ हुकतो. बारावी विज्ञानाच्या मुलींनी आणि पालकांनी ही कागदपत्रे निकालाआधीच काढून ठेवावीत, आणि वसतिगृह व ‘स्वयम्’ची चौकशी तळोदा किंवा नंदुरबारच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात करावी.