वांग लांग आणि किड्याची पकड

चीनच्या शांतुंग प्रांतातली ‘प्रार्थना कीटक’ युद्धकला वांग लांग यांनी शोधली, असं तिचे शिष्य सांगतात. या किड्यानं पुढचे पाय आकड्यासारखे वळवून भक्ष्य धरलेलं पाहून त्यांना डाव सुचले म्हणे. मनगट वाकवून, बोटांनी प्रतिस्पर्ध्याचा हात खाली खेचायचा, ही या कलेची खरी ओळख. पण हेच वांग लांग कुणाच्या कथेत सोंग राजवटीतले, तर कुणाच्या कथेत मिंग राजवटीच्या अखेरचे. मध्ये निदान साडेतीनशे वर्षं! तोंडी परंपरा काय खोटी मानायची, असं कुणी विचारेल. खोटी नव्हे, पण वंशावळीचा पुरावा म्हणून ती अपुरी पडते. १९व्या शतकातल्या लिआंग श्वेश्यांग यांच्यापासून मात्र गुरुशिष्यांचा धागा नीट हाती लागतो. पुढे लुओ ग्वांगयू यांनी शांघायच्या चिंगवू या युद्धकला संस्थेत ही कला शिकवली आणि शांतुंगबाहेर नेली.