व्यवसायाचे स्वातंत्र्य आणि समाजाचे हित
(वार्षिक सभेतील भाषण)



व्यावसायिकाच्या निर्णयांना समाजाने लोकहितासाठी मर्यादा घालावी काय, या प्रश्नावर आम्ही आज थोडे बोलू इच्छितो. वाणिज्य शाखेत आम्ही शिकलो की, मागणी आणि पुरवठा यांतून भाव ठरतो. त्यात एक गृहीत असते: गिऱ्हाईक ‘नको’ म्हणून दुसऱ्या दुकानात जाऊ शकते. हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णाला ती मुभा नसते. स्टेंट कोणता, हे डॉक्टर ठरवतात. तो रुग्णालय पुरवते. पैसे मात्र बाहेर बसलेले कुटुंब भरते.

म्हणूनच राष्ट्रीय औषधी मूल्यनिर्धारण प्राधिकरणाने फेब्रुवारी २०१७ मध्ये स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातली. लाखाहून अधिक किमतीला विकल्या जाणाऱ्या औषधलेपित स्टेंटची कमाल किंमत, कर वगळून, २९,६०० रुपये झाली. साध्या धातूच्या स्टेंटची ७,२६० रुपये. विक्रीच्या साखळीत सर्वाधिक नफा रुग्णालयांच्या टप्प्यावर होता, असे प्राधिकरणाच्या आकडेवारीतून दिसले. रुग्णालये चालवणाऱ्या आम्हा सर्वांना ही बाब अंतर्मुख करणारी आहे.

या निर्णयाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. काही कंपन्यांनी आपले महागडे स्टेंट बाजारातून मागे घेण्याची परवानगी मागितली आणि शासनाला पुरवठा चालू ठेवण्याचा आदेश काढावा लागला. उत्पादकाला रास्त नफा उरला नाही, तर स्वस्त वस्तू कागदावरच राहते. तसेच स्टेंट स्वस्त होऊन इतर शुल्क वाढले, तर कुटुंबाच्या पदरी काहीच पडत नाही. म्हणून आमचे मत असे की, जेथे ग्राहकाला निवडीला वाव नाही तेथे मर्यादा अवश्य असावी. मात्र ती हिशेब पाहून घातलेली असावी.

हे बंधन आम्हालाही आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून लागू झालेल्या योजनेनुसार राज्यातील धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत, १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीने राखावयाच्या असतात आणि बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची असते. समाजाने करसवलत आणि विश्वास दिला. त्याची ही परतफेड होय. या निधीला आपल्या देणग्यांची जोड मिळाली, तर अधिक गरजूंपर्यंत पोहोचता येते.

आप्तेष्टांना एकच विनंती: बिलातील प्रत्येक रकमेचा खुलासा निःसंकोचपणे मागावा. विचारणारा ग्राहक हीच व्यवसायावरील पहिली मर्यादा होय.