गाठ, कागद आणि न्याय



साहित्य मंडळाच्या व्याख्यानमालेत स्तनाचा कर्करोग आणि त्यावरचे कोर्टकज्जे हा विषय कशाला, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. हे व्याख्यान छापून निघणार आहे, म्हणून वाचकांनाही उत्तर देऊन ठेवतो. वैद्यकीय निष्काळजीपणाचा दावा शेवटी भाषेवर आणि लिहिलेल्या मजकुरावर उभा राहतो. डॉक्टर काय बोलले, केसपेपरवर काय लिहिले, संमतिपत्रावर कोणत्या मजकुराखाली सही घेतली, रिपोर्टात कोणता शब्द होता, एवढ्यावर निकाल फिरतो. रामाकोना, सौंसर, पांढुर्णा या आपल्या पट्ट्यात तर हा भाषेचा प्रश्न तिपटीने मोठा आहे. आपली बाई दुखणे सांगते मराठीत, नागपूरच्या दवाखान्याचा रिपोर्ट येतो इंग्रजीत, आणि तक्रार करायची म्हटली तर अर्ज लिहावा लागतो हिंदीत. १ नोव्हेंबर १९५६ ला नागपूर पलीकडे गेले, आपण मध्य प्रदेशात राहिलो. पण आजारी पडल्यावर आपली गाडी आजही नागपूरकडेच वळते.

आधी आजाराबद्दल थोडे. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने गेल्या. भारतीय स्त्रियांमध्ये हाच कर्करोग पहिल्या क्रमांकावर आहे. सुरुवातीची गाठ बहुधा दुखत नाही. जे दुखत नाही त्यासाठी शेतातले काम सोडून, एस.टी.चे भाडे खर्चून दवाखान्यात कोण जाणार? बाई म्हणते, "दुधाची गाठ असेल." घरातली मोठी माणसेही तेच म्हणतात. खरी अडचण पुढे आहे. डॉक्टरनेही तेच म्हटले, तर तिथून कायद्याचा विषय सुरू होतो.

स्तनातील गाठीची तपासणी तीन पायऱ्यांची असते. पहिली, हाताने तपासणे. त्यात काखही आली. दुसरी, वयानुसार सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी. तिसरी, सुईने तुकडा काढून तपासणे, म्हणजे बायोप्सी. तिन्ही उत्तरे एकमेकांशी जुळली पाहिजेत. हाताला गाठ संशयास्पद लागते आणि मॅमोग्राफी 'ठीक आहे' म्हणते, तेव्हा तपास थांबवायचा नसतो, पुढे न्यायचा असतो. तरुण स्त्रीचा स्तन घट्ट असतो, त्यात मॅमोग्राफीला गाठ दिसेलच असे नाही. निदानाच्या अनेक तक्रारींचे मूळ या तीन पायऱ्यांत सापडते: कुणी पहिल्या पायरीवरच थांबले, कुणी दुसरीला शेवटची समजले, तर कुठे तिसरीचा रिपोर्ट आला आणि तो कुणी पेशंटला समजावून सांगितला नाही.

उलटी चूकही होते. २०१९ मध्ये केरळात एका बाईच्या स्तनातील गाठीला खासगी प्रयोगशाळेने कर्करोग ठरवले. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात स्वतःच्या प्रयोगशाळेच्या रिपोर्टाची वाट न पाहता केमोथेरपी सुरू झाली. कर्करोग नव्हताच, हे नंतर कळले. केरळ सरकारने तिला ३ लाख रुपये देण्याचे ठरवले.

आता कायदा काय विचारतो ते पाहू. याचा पाया आपल्या मराठी मुलखातल्याच एका खटल्याने घातला. १९५३ च्या मे महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. त्याला पुण्याला आणले, उपचार झाले, पण तो दगावला. 'लक्ष्मण जोशी विरुद्ध त्र्यंबक गोडबोले' या नावाने ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९६८ मध्ये निकाल लागला. भरपाई होती ३ हजार रुपये. रक्कम लहान, पण न्यायालयाने डॉक्टरची तीन कर्तव्ये सांगितली ती आजही टिकून आहेत: हा रुग्ण आपण घ्यावा का हे काळजीपूर्वक ठरवणे, कोणता उपचार द्यावा हे काळजीपूर्वक ठरवणे, आणि तो उपचार काळजीपूर्वक देणे.

१९९५ मध्ये 'इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता' या निकालाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. जिथे सगळ्यांनाच उपचार फुकट, असा दवाखाना त्यातून सुटतो. जिथे काहींकडून पैसे घेतात, तिथला फुकटचा रुग्णही तक्रार करू शकतो. २००५ च्या 'जेकब मॅथ्यू' निकालाने दुसरी बाजू सांभाळली. रुग्ण दगावला म्हणून डॉक्टर गुन्हेगार ठरत नाही. फौजदारी खटल्यासाठी निष्काळजीपणा घोर असावा लागतो, आणि त्याआधी दुसऱ्या जाणकार डॉक्टरचे मत घ्यावे लागते. थोडक्यात, उपचाराला यश आले नाही, एवढ्यावर कायदा डॉक्टरला दोषी धरत नाही. साधारण कौशल्याच्या डॉक्टरने त्या वेळी, त्या जागी जे केले असते, ते झाले का, एवढेच तो विचारतो.

स्तनाच्या कर्करोगापासून सुरू होऊन या सगळ्या प्रश्नांना भिडलेले एक प्रकरण मुंबईचे आहे. एका निवृत्त सनदी अधिकाऱ्याच्या पत्नीवर पूर्वी स्तनाच्या कर्करोगाचे उपचार झालेले होते. पुढे रोग पसरला. न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग रुग्णालयातील डॉ. अर्नेस्ट ग्रीनबर्ग यांचे मत पडले की आता शस्त्रक्रिया करू नये, औषधांवरच ठेवावे. मुंबईत नामांकित कर्करोगतज्ज्ञ डॉ. प्रफुल्ल देसाई यांनी शस्त्रक्रिया सुचवली. डॉ. देसाई स्वतः शस्त्रक्रिया करतील, असे कुटुंबाने धरले होते. २२ डिसेंबर १९८७ ला पोट उघडले ते दुसऱ्या डॉक्टरने. आत पाणी साचलेले, पुढे जाणे अशक्य. त्यांनी डॉ. देसाईंना विचारले आणि त्यांच्या सांगण्यावरून पोट बंद केले. आतड्याला भगेंद्रासारखी वाट पडली. खाल्लेले-प्यालेले जखमेतून बाहेर येऊ लागले. दिवसाला वीस-पंचवीस वेळा पट्टी बदलावी लागे. तीन महिन्यांहून अधिक काळ रुग्णालयात आणि नंतर घरी तिने हे सोसले. १९८९ मध्ये ती गेली.

पती गप्प बसले नाहीत. महाराष्ट्र वैद्यक परिषदेने डॉक्टरांना सक्त ताकीद दिली. फौजदारी खटलाही चालला. त्यात डॉ. ग्रीनबर्ग यांची साक्ष हवी होती आणि ते भारतात यायला तयार नव्हते. साक्ष व्हिडिओ कॉन्फरन्सिंगवर घेता येईल का, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १ एप्रिल २००३ ला न्यायालयाने होकार दिला. आज देशभर पडद्यावरून साक्षी होतात, त्यामागे एका कर्करोगग्रस्त बाईच्या नवऱ्याची चिकाटी आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

२०११ मध्ये मुंबईच्या दंडाधिकाऱ्यांनी डॉ. देसाईंना दोषी धरले. शिक्षा होती न्यायालय उठेपर्यंतची कैद आणि ५० हजार रुपये दंड. वरच्या दोन्ही न्यायालयांत ती कायम राहिली. १३ सप्टेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. मात्र त्याच निकालात न्यायालयाने मान्य केले की शस्त्रक्रिया स्वतः करण्याची जबाबदारी त्यांनी घेतली होती आणि तिथे व्यावसायिक कर्तव्यात ते कमी पडले. पण ती चूक फौजदारी गुन्ह्याच्या व्याख्येत बसत नाही. हा भेद नीट लक्षात घ्या. एकाच वागण्याबद्दल वैद्यक परिषद ताकीद देऊ शकते, दिवाणी किंवा ग्राहक न्यायालय भरपाई देऊ शकते, आणि तरी फौजदारी न्यायालय सोडून देऊ शकते. कोणता दरवाजा ठोठवायचा हे आधी ठरवले नाही, तर पंचवीस वर्षे जातात. आम्हा जैनांना अनेकान्त लहानपणापासून शिकवतात, म्हणून असे निकाल वाचताना मला त्यात विरोध दिसत नाही. तिची यातना खरी होती, डॉक्टर गुन्हेगार नव्हता हेही खरे, आणि कर्तव्य चुकले हेही खरेच.

उशिरा झालेल्या निदानाचे दावे याहून अवघड असतात. इंग्लंडमध्ये एक माणूस काखेतील गाठ घेऊन डॉक्टरकडे गेला. डॉक्टरने चरबीची गाठ म्हणून पुढे पाठवले नाही. नऊ महिन्यांनी कर्करोग निघाला. तज्ज्ञांच्या हिशेबाने त्याची बरे होण्याची शक्यता ४२ टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर आली होती. २००५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तीन विरुद्ध दोन मतांनी दावा फेटाळला. कारण मूळ शक्यताच निम्म्याहून कमी होती. वेळेवर निदान झाले असते तर तो बरा झालाच असता, असे सिद्ध होत नव्हते. डॉक्टर चुकला हे मान्य, पण त्या चुकीनेच नुकसान झाले हे दाखवता आले नाही. आपल्याकडेही तक्रारदाराला ही दुसरी कडी जोडावीच लागते. म्हणून पहिल्या भेटीत गाठ केवढी होती, याची लेखी नोंद असणे-नसणे फार मोठी गोष्ट ठरते. लिंबाएवढी की सुपारीएवढी, हे दोन वर्षांनी आठवणीने सांगितलेले कुणी मानत नाही.

मुदतीचेही तसेच. ग्राहक आयोगात तक्रारीला दोन वर्षे मिळतात. मुंबईत १९९३ मध्ये पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या गोव्याच्या एका नर्सच्या पोटात २००२ मध्ये कापसाच्या जाळीचा बोळा सापडला. तिने २००४ मध्ये तक्रार केली. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये म्हटले की लपलेली इजा कळल्यापासून मुदत मोजता येते. पण नऊ वर्षे पोट दुखत असताना, स्वतः नर्स असून, तिने शोध घ्यायला हवा होता. तक्रार मुदतबाह्य ठरली. दुखणे अंगावर काढण्याची आपल्या बायकांची सवय कायद्यापुढेही त्यांच्याच विरुद्ध जाते.

आता माझ्या पॅथीकडे वळतो, कारण लहान गावात गाठ घेऊन बाई पहिल्यांदा येते ती बहुधा आमच्यासारख्याकडे. आमच्या मटेरिया मेडिकात स्तनाच्या गाठीखाली कोनियम, फायटोलाक्का अशी औषधे लिहिलेली आहेत. पण निदान होण्याआधी दिलेल्या पुड्या गाठीला वेळ देतात, बाईचा वेळ खातात. कर्करोग ठरल्यावर शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि रेडिएशनला आमच्या साखरेच्या गोळ्या पर्याय होऊ शकत नाहीत, हे होमिओपॅथीची पदवी भिंतीवर लावूनच मी सांगतो. मुंबईच्या 'पूनम वर्मा विरुद्ध अश्विन पटेल' या १९९६ च्या प्रकरणात होमिओपॅथने ॲलोपॅथीची औषधे दिली आणि रुग्ण दगावला. न्यायालयाने ठरवले की ज्या शास्त्राचे शिक्षण नाही त्यात उपचार करणे हाच निष्काळजीपणा. वेगळा पुरावा लागत नाही. ३ लाख रुपये भरपाई झाली. आणि १९५४ च्या कायद्याने कर्करोग बरा करण्याची जाहिरात करणेच गुन्हा आहे. आठवडी बाजाराच्या भिंतीवर तसा कागद दिसला, तर तो कायदा मोडूनच लागलेला आहे.

आमचे काम किती आहे, याचे उत्तर टाटा मेमोरियलने मुंबईच्या वस्त्यांत केलेल्या अभ्यासात मिळते. १९९८ पासून दीड लाखांहून अधिक स्त्रियांपैकी निम्म्यांची स्तनतपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी ठरावीक अंतराने फक्त हाताने केली. यंत्र नव्हते. २०२१ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्के कमी दिसले. शिकलेला हात आणि वेळेवर पुढे धाडणे, एवढ्याची ताकद केवढी आहे!

वाचकहो, तुमच्या घरासाठी काही गोष्टी सांगतो. गाठ लागली तर तारीख वहीत लिहा. डॉक्टरने पाहिले तर कागदावर लिहून मागा: गाठ कुठे, केवढी, पुढे काय करायचे. "नंतर बघू" म्हणाले तर किती दिवसांनी, हेही लिहून घ्या. रिपोर्ट पिशवीत ठेवून परतू नका. अर्थ मराठीत समजावून घ्या. बायोप्सीच्या काचा आणि मेणाचे ठोकळे दुसऱ्या मतासाठी मागता येतात. कर्करोग निघाला तर हार्मोन रिसेप्टर आणि हर-टू या तपासण्या झाल्या का विचारा. त्यांवर पुढचे औषध ठरते. संमतिपत्रावर कोरी सही करू नका. शस्त्रक्रिया कोण करणार, हे नाव त्यात असू द्या. भरती असलेल्या रुग्णाचे कागद मागितल्यावर ७२ तासांत देणे डॉक्टरवर बंधनकारक आहे आणि ते तीन वर्षे जपणेही. २०१९ च्या ग्राहक कायद्याने तुम्हाला तुमच्या राहत्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते; उपचार नागपूरला झाले म्हणून नागपूरला खेटे घालावे लागत नाहीत.

डॉक्टर मित्रांनाही सांगणे आहे. नीट लिहिलेला केसपेपर रुग्णाला जेवढा वाचवतो, तेवढाच तुम्हालाही वाचवतो. 'गाठ आहे, सर्जनकडे पाठवले' ही एक ओळ, तारीख आणि सही. याला दोन मिनिटे लागतात.

भरपाईने कुणाची आई परत आलेली नाही. तरी दावे झाले, निकाल लागले, म्हणूनच आज आपण कागद मागू शकतो. तो हक्क कोर्टात वापरण्याआधी दवाखान्याच्या टेबलावरच वापरा.  घरी जाऊन हे व्याख्यान पुरुषांनी एकट्याने वाचू नये, बायकांना मोठ्याने वाचून दाखवावे.