वेग वाढविलेला प्रोसेसर बदलावा काय?

बाजारांत नवा प्रोसेसर आला, कीं ज्या घरीं दहा-बारा वर्षांपूर्वींचा डेस्कटॉप संगणक आहे त्या घरीं एक जुना वाद नव्यानें सुरू होतो. मुलाचें म्हणणें असतें, कीं यंत्र आतां मंद झालें. वडिलांचें म्हणणें असतें, कीं कालपर्यंत तर तें बरें चालत होतें. त्यांतून तो प्रोसेसर ओव्हरक्लॉक केलेला, म्हणजे कारखान्यानें नेमून दिलेल्या वेगाहून अधिक वेगानें पळविलेला असेल, तर वादाला आणखी एक फांटा फुटतो. आधींच ताणलेलें यंत्र काढून नवें आणलें असतां पदरांत खरोखर काय पडतें? प्रश्न कित्येक हजार रुपयांचा आहे, आणि बहुतेक घरीं तो दुकानदाराच्या तोंडून सोडविला जातो.

प्रोसेसरचें काम घड्याळाच्या ठोक्यांवर चालतें. उदाहरणासाठीं इंटेलचा कोअर आय-५ २५००के हा २०११ च्या जानेवारींत निघालेला, चार कोअरचा प्रोसेसर घ्यावा. त्याचे पायाभूत ठोके १०० मेगाहर्ट्झ, गुणक ३३, म्हणून नेमलेला वेग ३.३ गिगाहर्ट्झ. भार हलका असतां तो आपण होऊन ३.७ पर्यंत चढे. नांवाच्या शेवटचें ‘के’ हें अक्षर गुणकाला कुलूप नसल्याची खूण होय. चांगला पंखा बसवून हौशी लोकांनीं तो गुणक ४५ वर नेला, आणि कित्येक घरीं हा प्रोसेसर ४.५ गिगाहर्ट्झनें वर्षानुवर्षें चालला. छत्तीस टक्के अधिक वेग, आणि तोही जवळजवळ फुकट! ही हौस तशी त्याहून जुनी. १९९८ सालच्या सेलेरॉन ३००ए या स्वस्त प्रोसेसरची बस ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेली, कीं ३०० चे ४५० मेगाहर्ट्झ होत, आणि गरीब पाहुणा श्रीमंतांच्या पंक्तीस जाऊन बसे.

‘जवळजवळ’ हा शब्द मात्र विसरूं नये. प्रोसेसरचा वीजखप वेगाच्या प्रमाणांत वाढतो, आणि वीजदाबाच्या वर्गाच्या प्रमाणांतही वाढतो. वेग वाढविण्यासाठीं दाब १.२० व्होल्टवरून १.३५ व्होल्टवर न्यावा लागला, तर त्याचा वर्ग १.४४ वरून १.८२ वर जातो. त्यांत छत्तीस टक्के वेगाची भर घातली म्हणजे खप सुमारें पावणेदोनपट होतो. ९५ वॅटच्या जागीं हिशेबानें सुमारें १६४ वॅट. रोज चार तास पूर्ण भार पडला तर वर्षाकांठीं सुमारें १०० युनिट वीज अधिक जळते. केवळ वीज वांचवावी म्हणून नवा संगणक घेणाऱ्याचें भांडवल कधीं वसूल होईल, याचा हिशेब ज्यानें त्यानें आपल्या बिलावरून करून पाहावा.

आतां तुलनेकडे वळणें प्राप्त आहे, कारण खरी फसगत येथेंच होते. नवा प्रोसेसर जुन्याच्या दुप्पट वेगवान आहे असें जेव्हां सांगितलें जातें, तेव्हां तो जुना प्रोसेसर नेमलेल्या वेगानें चाललेला गृहीत धरलेला असतो. घरांतला तर छत्तीस टक्के पुढें गेलेला आहे. दोनास १.३६ नें भागलें म्हणजे दुप्पट ती दीडपटीच्याही आंत येते. म्हणजे नव्या यंत्रांतील लाभाचा एक हिस्सा घरधन्यानें पूर्वींच उचलून खाल्लेला असतो. उलट बाजूनें, नुसते गिगाहर्ट्झ पाहूनही भागत नाहीं. ४.५ गिगाहर्ट्झचा जुना प्रोसेसर ४.५ गिगाहर्ट्झच्या नव्याबरोबरीचा नव्हे. नवा दर ठोक्यास अधिक काम उरकतो. २०२० सालीं रायझेन ५००० मालिका काढतांना एएमडीनें मागल्या पिढीहून दर ठोक्यामागें १९ टक्के अधिक काम होत असल्याचें जाहीर केलें होतें. अशा अनेक पिढ्या मध्यें लोटल्या आहेत, आणि २०१७ पासून घरगुती प्रोसेसरांतील कोअरची संख्याही चारावरून सहा-आठांवर गेली.

मग निर्णय कशावर करावा? ओव्हरक्लॉक केलेल्या यंत्राच्या मालकापाशीं एक साधन असें आहे, कीं जें इतरांपाशीं नसतें, आणि त्यास एक पैही पडत नाहीं. तें म्हणजे वेग परत कमी करून पाहणें. बायोसमधील चालू मूल्यें प्रथम कागदावर उतरून घ्यावीं, नंतर गुणक व वीजदाब मूळ ठिकाणीं आणावे, आणि घरांतलीं नेहमींचीं कामें हातांत घड्याळ धरून करावीं. जुन्या वेगानें एकदां, मूळ वेगानें एकदां. प्रत्येक काम तीन वेळां मोजून मधला आंकडा घ्यावा. नुसत्या भासावर विसंबूं नये, कारण खर्च करण्याची इच्छा झालेल्या माणसास सर्वच यंत्रें मंद वाटतात.

समजा, चलच्चित्राचें रूपांतर करण्यास वाढीव वेगानें ३३ मिनिटें व मूळ वेगानें ४५ मिनिटें लागलीं. येथें वेळ वेगाच्या अगदीं व्यस्त प्रमाणांत बदलली. काम प्रोसेसरवरच अडलें होतें, आणि नवा प्रोसेसर येथें सार्थकीं लागेल. पण मोठी हिशेबवही उघडण्यास दोन्ही वेळां बारा सेकंदच लागले, तर दोष प्रोसेसरचा नव्हे. तेथें बहुधा फिरती हार्ड डिस्क तरी आड येते, नाहींतर रॅम अपुरी पडते. एसएसडी बसविली असतां नव्या संगणकाच्या अल्पशा खर्चांत काम भागतें. खेळांतील चित्रांची गति वेग उतरवूनही तशीच राहिली, तर अडचण ग्राफिक्स कार्डाची समजावी. जीन ॲमडाल यांनीं १९६७ सालीं समांतर संगणनासंबंधीं मांडलेला हिशेब येथेंही लागू पडतो. एका तासाच्या कामांत प्रोसेसरचा वांटा २४ मिनिटांचा असेल, तर तो दुप्पट वेगवान केल्यानें १२ मिनिटें वांचतील, आणि कितीही वेगवान आणला तरी २४ मिनिटांहून अधिक वांचणार नाहींत. उरलेलीं ३६ मिनिटें जागचीं हलत नाहींत.

खर्चही एकट्या प्रोसेसरचा नसतो. जुन्या मदरबोर्डावर नवा प्रोसेसर बसत नाहीं, आणि जुनी डीडीआर-३ रॅम नव्या बोर्डावर चालत नाहीं. म्हणून तिन्ही वस्तु एकदमच घ्याव्या लागतात. २०२५ च्या अखेरीस रॅमच्या किमती किती झपाट्यानें चढल्या, हें त्या वेळीं बाजारांत गेलेल्यांस सांगावयास नको. नवा घेऊन तोही छत्तीस टक्के ताणूं, ही आशाही सोडावी. आजचे प्रोसेसर कारखान्यांतूनच मर्यादेच्या जवळ नेऊन सोडलेले असतात. २०२४ सालीं इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीच्या कित्येक डेस्कटॉप प्रोसेसरांत अस्थिरता दिसून आली. वाजवीपेक्षां अधिक वीजदाब हें तिचें कारण कंपनीनेंच सांगितलें, व हमीची मुदत दोन वर्षांनीं वाढवून दिली.

एवढा विचार वेगाचा झाला. परंतु दुसरें एक कारण असें आहे, कीं ज्यापुढें घड्याळाचे आंकडे गौण ठरतात. विंडोज १० ची सर्वसाधारण सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबली. नांव नोंदविणाऱ्यांस वर्षभराची जादा मुदत देण्यांत आली, इतकेंच. विंडोज ११ ज्या प्रोसेसरांवर चालविण्याची अनुमति आहे, त्यांच्या यादींत २५००के नाहीं, मग तो ३.३ नें चालो वा ४.५ नें. शिवाय एव्हीएक्स-२ या नांवाच्या आज्ञा त्यास कळत नाहींत, आणि ज्या नव्या प्रोग्रॅमांस त्या लागतात ते त्यावर सुरूच होत नाहींत. म्हणून त्याच बोर्डावर बसणारा कोअर आय-७ ३७७०के जुन्या बाजारांतून आणण्याचा मार्ग, जो पूर्वीं चांगला होता, तो आतां सुचविण्याजोगा राहिला नाहीं. यादींत तोही नाहीं.

ज्या घरीं संगणकावरून बँकेचे व्यवहार होतात, तेथें हा मुद्दा निर्णायक होय. मात्र तेथेंही घड्याळाची परीक्षा वायां जात नाहीं. वेग उतरवून कांहींच फरक पडला नसेल, तर खरेदी सुरक्षेसाठीं आहे, वेगासाठीं नव्हे, हें मनाशीं पक्कें करून मध्यम प्रतीचा, साध्या पंख्यावर चालणारा प्रोसेसर घ्यावा. महागड्या, गुणक मोकळा असलेल्या नगाच्या वाटेस जाऊं नये. ज्यांस लिनक्सची संवय आहे, त्यांना तोही खर्च कांहीं वर्षें टाळतां येईल. जुन्या यंत्रावर लिनक्स घालून तें मुलाच्या अभ्यासासाठीं ठेवावयाचें असेल, तर प्रथम उष्णताशोषकावरील धूळ झाडावी, वाळलेली पेस्ट पुसून नवी लावावी, आणि परीक्षेसाठीं मूळ ठिकाणीं आणलेला गुणक तेथेंच राहूं द्यावा.