पिन म्हणजे कोणती वो ताई?

आज कर्जाच्या हप्त्याचं काही बोलणार नाही, एका शब्दाबद्दल बोलू. शब्द इंग्रजीतला, दोनच अक्षरांचा : पिन.

गटागटांत फिरताना हा शब्द आमच्या कानावर रोज पडतो. साडीला लावायची पिन. रॉकेलच्या स्टोची पिन, गॅस आला तरी पुष्कळ घरी ती अजून फळीवर पडून आहे. मोबाईलच्या चार्जरची बारीक पिन. या साऱ्या टोकाच्या, टोचायच्या नाहीतर खुपसायच्या. एका कुळातल्या म्हणा ना.

पण कागदावरचा पिन आणि एटीएमचा पिन या कुळातले नाहीत. आपल्या बोलण्यातच पाहा : साडीची 'ती' पिन, एटीएमचा 'तो' पिन. हे दोन्ही आकडे आहेत, आणि त्यांचंही एकमेकांशी नातं नाही.

मागे एका बैठकीत विम्याचे फॉर्म भरणं चालू होतं. पत्त्याखाली नुसतं 'पिन' छापलेलं. एका ताईंनी विचारलं, "पिन म्हणजे कोणती वो ताई?" तोवर शेजारच्या ताईंनी आपल्या एटीएम कार्डाचे चार आकडे तिथे सुवाच्य अक्षरात लिहूनही टाकले होते! हसू नका. फॉर्मवर 'गावाचा पिन' छापलं असतं तर काय बिघडलं असतं? तो कागद पाच जणांच्या हातून जाणार होता. आम्ही तो फाडला, नवा भरला, आणि ताईंनी त्याच दिवशी एटीएमवर जाऊन पिन बदलला.

पत्त्याचा पिन टपालाचा : पोस्टल इंडेक्स नंबर. श्रीराम भिकाजी वेलणकर या टपाल खात्यातल्या मराठी अधिकाऱ्याने ही पद्धत बसवली, 15 ऑगस्ट 1972 पासून ती सुरू झाली. गरज का पडली? आपलंच घ्या. मालेगाव आपल्या वाशीम जिल्ह्यात आहे, नाशिक जिल्ह्यातही आहे. आपल्या मालेगावचा पिन 444503, तिकडचा 423203. पत्र बरोबर जातं. हा पिन साऱ्या गावाचा, पुष्कळदा चार-पाच गावांचा मिळून एकच. खुशाल सांगा.

एटीएमचा पिन म्हणजे पर्सनल आयडेंटिफिकेशन नंबर, तुमच्या एकटीचा. आकडे मोजून ओळखू म्हणाल तर फसाल. टपालाचा सहा आकडी असतो, पण फोनवरून पैसे पाठवायचा यूपीआय पिनही सहा आकडी असू शकतो.

फोनवरचा ठग याच गोंधळावर जगतो. "ताई, अनुदान जमा करायचं आहे, पिन टाका." पैसे यायला पिन कधीच लागत नाही, जायलाच लागतो. कोणी पिन मागितला की फोन ठेवा. पैसे गेलेच तर लगेच 1930 वर फोन करा, तासाभराचा उशीरही महागात पडतो.

आता राहिला नेहमीचा प्रश्न, जो बैठक संपल्यावर चपला घालताना हळूच विचारला जातो : घरधन्याला तरी सांगावा का? बँक म्हणते कोणालाच नाही, आणि आमचंही तेच म्हणणं आहे. त्यांना पैसे लागले तर ते मागतील, तुम्ही काढून द्या.